फुग्यावरची दाढी

"तू लोकांची दारू सोडवतोस म्हणं, महिपा. आधी स्वतःचा चहा सोडून दाखव की."

तात्या हे बोलले तेव्हा त्यांच्या तळहातावर तंबाखू होती, अंगठा तिच्यावर गोल गोल फिरत होता आणि माझ्या हातात शकीलच्या गाड्यावरचा, सकाळपासूनचा कितवातरी कप होता. हिंदुराव चौगुले त्यांचं नाव, पण अख्खी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढलेला. गाडी लागली, गाडी सुटली, हे ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला की घरात मीठ मागितलं तरी चौकात ऐकू यायचं. आणि त्या गळ्याच्या वर मिशी. रोज तेल पाजलेली, टोकं वर वळवलेली, समोरच्यानं आपोआप बाजूला सरकावं अशी.

मी कप खाली ठेवला. "सोडतो. आत्तापासनं. पण तुम्ही तंबाखू सोडणार असाल तर."

गाड्यावरची माणसं सगळी एकदम बोलायला लागली. शकील म्हणाला, ह्या दोघांनी सोडलं तर माझ्या स्टोव्हला रॉकेल कशाला पाहिजे? किराणा दुकानवाले जिनगोंडा पाटील म्हणाले, नुसतं बोलून चालणार नाही, शर्त काय ते ठरवा. तात्यांना माघार घेता येईना, कारण समोरच्या दारात त्यांची बायको, मालन काकी, हातात केरसुणी घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"जो आधी मोडंल त्याची मिशी," मी म्हटलं. "हितं चौकात खुर्ची टाकून, सगळ्यांदेखत. आणि वस्तरा कुणाच्या हातात द्यायचा ते मी ठरवणार."

"दे की तुझ्या बायकोच्या हातात," तात्या म्हणाले. "मिशी तुझीच जाणार हाय."

मालन काकीनं केरसुणी भिंतीला टेकवली, रस्ता ओलांडून आली, नवऱ्याच्या तळहातावरची तंबाखू गटारीत झाडली आणि पंच मी, असं सांगून परत गेली. पैज लागली.

ही गोष्ट कोरोनाच्या बऱ्याच आधीची. मी तेव्हाही व्यसनमुक्ती केंद्रात होतो आणि आजही तिथंच आहे. आमच्या केंद्रात माणूस दाखल होत नाही. दिवसभर आपापल्या कामाला जायचं, संध्याकाळी यायचं, गोळ्या घ्यायच्या, गटात बसायचं, मनातलं बोलायचं आणि घरी जायचं. घरी जाताना वाटेत दारूची दुकानं लागतात, तीच खरी परीक्षा. मी पूर्वी रिक्षा चालवायचो आणि प्यायचो. तिथंच पेशंट म्हणून आलो, सुटलो, आणि केंद्र चालवणाऱ्या शहापुरे मॅडमनी मला कोर्स करायला लावून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. पाटीवर माझ्या नावापुढं समुपदेशक असं लिहिलंय. तो शब्द मला लिहिता येतो, एका दमात म्हणता अजून येत नाही.

भाषण देणं मला जमत नाही. मी खोड्या काढतो. पिऊन आलेला माणूस वासासाठी वेलदोडा चघळत येतो, हे मला माहीत. म्हणून मी दारातच वेलदोड्याचा डबा ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, पिऊन आला असाल तर दोन घ्या. पहिल्याच दिवशी एकानं विचार न करता दोन उचलले. सगळा गट हसून लोळला, आणि तोही. त्या दिवशी तो जेवढं खरं बोलला तेवढं महिनाभरात बोलला नव्हता.

तर त्या गटात आनंदा टिपुगडे होता.

आनंदाचं दाढी-कटिंगचं दुकान आमच्याच चौकात, शकीलच्या गाड्यासमोर. हात असा होता की माणूस खुर्चीत झोपून जायचा. पण पुढं दारू लागली, हात थरथरायला लागला, आणि एक दिवस व्हायचं ते झालं. तात्यांच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी तात्या दाढीला बसले आणि आनंदाचा वस्तरा जबड्याखाली सरकला. तात्यांनी कन्यादान केलं ते गळ्याला पट्टी बांधून. लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरी, नवरा आणि ती पट्टी. जखम भरली पण व्रण राहिला, आणि तात्या तो व्रण बोटानं दाखवून, त्यांच्या त्या आवाजात, गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगायचे. गिऱ्हाईक स्टेशनकडच्या सलूनमध्ये जायला लागलं. आनंदाच्या खुर्चीवर बायकोचं जुनं लुगडं टाकलेलं असायचं. दुकानाचा गाळा जिनगोंडांचा. त्यांनी सांगून टाकलं होतं, दुकान चालत नसेल तर पाडव्यापासून मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला देतो.

संक्रांतीच्या आधी वैजू, म्हणजे त्याची बायको, त्याला आमच्याकडं घेऊन आली. आणि आनंदानं सोडली. खरंच सोडली. गोळ्या, गट, सगळं नेमानं. थरथर थांबली. काठोकाठ भरलेला पेला तो न सांडता गटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. सुईत दोरा ओवायचा. पण हातात वस्तरा आला आणि कुणी बघायला लागलं, की हात गेलाच.

मी एकदा मुद्दाम सकाळी सकाळी, दार सताड उघडं ठेवून, त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्यानं साबण लावला. येणारी-जाणारी माणसं थांबायला लागली. तेवढ्यात समोरून तात्यांचा आवाज आला, "महिपा, रक्तगट लिहून ठेवलायस का खिशात?" माणसं हसली. आनंदानं वस्तरा मिटला, टॉवेलनं माझ्या गालावरचा साबण पुसला आणि सॉरी म्हणाला. मला म्हणाला, तात्यांना नाही.

त्या संध्याकाळी गटात तो बोलला. "दारू सुटून काय उपयोग झाला? हात तर तिकडंच राहिला."

त्यानंच पूर्वी कधीतरी सांगितलेलं मला आठवलं, की त्याच्या वडलांनी त्याला फुग्यावर शिकवलं होतं. फुगवलेल्या फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा, फुगा न फुटता. दुसऱ्या दिवशी मी जिनगोंडांच्या दुकानातून फुग्यांची पाकिटं घेऊन केंद्रात गेलो. गटातल्या सगळ्यांना एकेक फुगा फुगवून हातात धरायला सांगितला. आनंदाला म्हटलं, ही बघ गिऱ्हाइकं, बसलीत ओळीनं, कर सुरुवात.

पहिला फुगा फुटला तेव्हा साबणाचा फेस थेट धरणाऱ्याच्या तोंडावर. दुसरा फुटला तेव्हा बाहेर गोळ्या देणारा आमचा कंपाउंडर टेबलाखाली गेला. तिसऱ्याला मॅडम धावत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी बघितलं, तर एवढी मोठी माणसं, भिंतीवर फेस, चष्म्यावर फेस, आणि सगळी पोट धरून हसतायत. आनंदासुद्धा. मॅडमनी मला खोलीत बोलावून विचारलं की हे कुठल्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, अजून छापायचंय.

त्यांनी बंद मात्र केलं नाही. रोज गट संपला की फुगे. रोज फुटणारे कमी होत गेले. गटातल्या माणसांनी फुग्यांवर पेनानं डोळे, नाक काढायला सुरुवात केली. एकावर कुणीतरी मिशी काढली, टोकं वर वळवलेली. तो फुगा आनंदाच्या हातात नेमका फुटला. आणि मी बसलो विचार करत.

आता लक्षात आलं असेल, चौकात पैज का लावली ते? नाही ना. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

पैजेचे दिवस मात्र लई वाईट गेले. चहा नाही म्हटल्यावर माझं डोकं असं दुखायला लागलं की माझी बायको शैला मला टॉवेल बांधून बसवायची. तात्या गप्प बसणारे नव्हते. शकीलला फितवून त्यांनी माझ्या खिडकीखाली आल्याचा चहा उकळवला. मी एका दोऱ्याला तंबाखूची पुडी बांधून त्यांच्या गॅलरीसमोर त्यांच्याच गच्चीवरून सोडली आणि ते वाचत असलेल्या पेपरासमोर हळूहळू हलवत राहिलो. त्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरला, मी दोरा खाली घेतला. शेवटी ते उठून आत गेले. मालन काकी हसून दमली.

सगळ्यात मजा केंद्रात. समुपदेशकाला तलफ आलीय म्हटल्यावर गटाचा उत्साह विचारू नका. मी डोकं धरून बसलो की एकेक जण माझंच बोलणं मला ऐकवायचा. लाट असते दादा, उतरते. पाणी प्या दादा. आत्ता मनात काय चाललंय ते मोकळेपणानं बोला दादा. वर मोठा श्वास घ्यायला लावायचे. आनंदा सगळ्यात पुढं. माझ्या पाठीवर हात ठेवून एवढं गंभीर तोंड करायचा की मला कळेना पेशंट कोण.

रंगपंचमीला त्याचे जुने दोस्त बाटली घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. वैजूनं सांगितलं, घरात नाहीत. खरंच नव्हता. तो सकाळीच केंद्रात आला होता. बाहेर ढोल, रंग, आरडाओरडा, आणि आत आम्ही दोघं. मी फुगा धरायचो, तो दाढी करायचा. संध्याकाळपर्यंत एकही फुगा फुटला नाही. मग मी फुगा बाजूला ठेवला आणि माझा गाल पुढं केला. त्यानं दार बंद आहे का बघितलं आणि माझी दाढी केली. लोण्यासारखी.

तेव्हा मी त्याला सांगितलं. "आनंदा, मी ही पैज हरणार हाय."

त्यानं वस्तरा मिटला.

"लोक तुझा हात बघायला उभे राहिले की तुझा हात कापतो. बरोबर? मग मी चौकात चहा पितो. माझी मिशी जाणार म्हटल्यावर अख्खी गल्ली जमंल. पण कशाला? माझी फजिती बघायला. सगळे माझ्या थोबाडाकडं बघणार. तुझ्या हाताकडं बघायला कुणाला सवड हाय? आणि तुझं काम होऊन गेल्यावर त्यांना कळंल की वस्तरा तुझ्या हातात होता."

त्यानं माझी मिशी दोन बोटांत धरून बघितली. मग हसायला लागला. मिशीशिवाय तू कसा दिसशील, म्हणाला. मी म्हटलं, शैलाला विचार, ती आत्ताच माहेरी जायचं म्हणतीय.

मॅडमना सांगावंच लागलं. त्या चिडल्या. माझ्या पेशंटचा तमाशा चौकात मांडायचा नाही, म्हणाल्या. आनंदानंच त्यांना सांगितलं की मला करायचंय. मग त्यांनी एक अट घातली, आणि ती मला चांगली सुनावून सांगितली. "शेवटच्या क्षणाला तो नको म्हणाला, तर नको. तू तिथं एक शब्द बोलायचा नाहीस, महिपती. वस्तरा उचलायचा की नाही, ते त्याचं." मी कबूल केलं.

पाडव्याच्या आधीचा रविवार. मोबाईलवाला आदल्या दिवशी येऊन गाळ्याचं माप घेऊन गेला होता. आनंदानं सकाळी दुकान उघडलं, खुर्चीवरचं लुगडं काढून घडी घातली, आरसा पुसला, नवं ब्लेड काढून ठेवलं. वैजू दुकानाच्या पायरीवर शेंगा निवडत बसल्यासारखी बसली. मी आंघोळ करून, मिशीला शेवटचं तेल लावून गाड्यावर गेलो.

शकीलनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, दे. तो म्हणाला, काय दे? मी म्हटलं, चहा. फुल्ल.

जिनगोंडा तराजू सोडून बाहेर आले. शकीलनं कप भरून माझ्या हातात दिला. वास नाकात गेला आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मी मुद्दाम वेळ काढला. कप वर धरला, जमलेल्यांना दाखवला. सगळ्यांनी बघायला पाहिजे होतं. बायका दारात आल्या, पोरं सायकली टाकून आली.

आणि तात्यांच्या घराचं दार धाडकन उघडलं.

बनियन, लुंगी, एका पायात चप्पल. तात्या धावत सुटले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. माझ्यासमोर येऊन थांबले, माझ्या कपाकडं बोट केलं, सगळ्या गल्लीकडं बघितलं, आणि हनुवटी वर करून म्हणाले, "ऊं. ऊं ऊं."

कुणाला काही कळेना. मग सगळ्यांना एकदम कळलं. आपल्याकडं हनुवटी वर करून असं बोलणारा माणूस कुठं चुकतो का ओळखायला? तोंडात रस भरलेला असला की माणूस असाच बोलतो.

मालन काकी मागून आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय झालं? बोला की."

तात्यांची हनुवटी अजून वर गेली.

"तोंडानं बोला."

तात्यांनी गटारीकडं बघितलं. मध्ये सगळी गल्ली उभी होती. त्यांनी डोळे मिटले, माणसं दोन्ही बाजूला करून गटारीपाशी गेले आणि वाकले. ते वळले तेव्हा चौकात जो दंगा झाला, तसा वर्ल्ड कप जिंकल्यावर पण झाला नव्हता.

मी कप तोंडाला लावायला गेलो. जिनगोंडांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, आत डोकावून बघितलं आणि जाहीर केलं, भरलेला हाय, काठोकाठ. मी म्हटलं, मी पिणारच होतो. कुणी ऐकेना. मी दुसरा कप मागितला. शकील देईना. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, आणि मी वरून ओरडत होतो की अरे मी हरलोय, मला हरू द्या, आणि लोक म्हणत होते, बघा, गडी खुशीनं येडा झालाय.

खांद्यावरून मला आनंदाचं दुकान दिसलं. तो दारात उभा होता, पांढरा कोट घालून, ठरल्याप्रमाणं. त्यानं सगळं बघितलं होतं.

"खुर्ची आणा," कुणीतरी म्हणालं. चौघं जण दुकानात घुसले आणि आनंदाची जड खुर्ची उचलून चौकाच्या मधोमध आणून ठेवली. तेव्हा जिनगोंडांनी विचारलं, वस्तरा कुणाच्या हातात, ते महिपा ठरवणार होता. सांग, महिपा.

मला खाली उतरवलं. मी काही बोललोच नाही. पण आनंदाच्या अंगावर पांढरा कोट होता, आणि खुर्ची त्याची होती. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. तात्यांचा हात मिशीवरून खाली आला आणि जबड्याखाली जाऊन थांबला.

"ह्याच्याकडनं?" ते म्हणाले.

हसणं बंद झालं. आनंदानं आत पाऊल घेतलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

मी वाकून आत गेलो. तो बाकड्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. हात हलत होते. मी शेजारी बसलो.

"तू म्हणालास सगळे तुझ्या तोंडाकडं बघतील," तो म्हणाला. "आता सगळे कुठं बघणार?"

"तुझ्या हाताकडं," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"आणि तात्या तर डोळंबी मिटणार न्हाईत." त्यानं मान खाली घातली. "आत्ता घोटभर असती तर हात दगडागत झाला असता, दादा."

मी मागच्या दाराकडं बघितलं. त्या बोळानं गेलं की दारूचं दुकान चार घरांवर. त्यालाही माहीत, मलाही.

"मागचं दार उघडं हाय?"

"हाय."

"मग अजून हितंच का बसलायस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पण जागचा उठला नाही. मॅडमची अट मला आठवत होती, वस्तरा उचल असं म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, "मी बाहेर जातो आणि सांगतो, की मी सकाळी घरीच चहा ढोसला होता. म्हणजे आधी मी मोडलं. मिशी माझी. तू फक्त व्हय म्हण."

तो व्हय म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात शटरखाली दोन पाय दिसले. एक चप्पल घातलेला, दुसरा अनवाणी. तात्या वाकून आत आले. आमच्यासमोर उभे राहिले. त्यांना कुजबुजायचं होतं, त्यांनी तसा प्रयत्नही केला.

"आनंदा, मी संडासात जाऊन खात होतो रे. होळीपासनं. कडी लावायची, नळ सोडायचा आणि बार भरायचा."

बाहेरून मालन काकीचा आवाज आला, "तरीच रोज टाकी रिकामी होत होती."

म्हणजे चौकात सगळं ऐकू गेलं होतं. तात्यांनी कपाळाला हात लावला. मग तसंच बोलत राहिले, कारण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "एवढीशी तंबाखू. आणि मी तेवढे दिवसबी काढू शकलो न्हाई. माझ्या घरात, माझ्या बायकोला फसवून. तू कसं काढलंस रे?"

आनंदाला हे कुणी विचारलं नव्हतं. गल्लीत तरी नव्हतंच. तो म्हणाला, "रोज सकाळी परत पहिल्यापासनं सुरू करायचं, तात्या. दुसरं काय न्हाई."

"मला तुझ्या हाताचं भ्या वाटतंय," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

"मलाबी."

मी बाकड्यावर दोघांच्या मध्ये अडकल्यासारखा. माझ्या तोंडात शंभर वाक्यं आली होती, एकही बाहेर येऊ दिलं नाही.

आनंदा म्हणाला, "मग कशापायी बसता? पैजेपायी?"

"पैजेपायीच. शब्द दिलाय. पण बसलो तर हलणार न्हाई, एवढं सांगतो."

आनंदानं हात गुडघ्यांतून काढले. एकदा बघितले. अजून हलत होते. मग उठला, वाटी आणि ब्रश घेतला, आणि शटर वर ढकललं. सगळा चौक समोर उभा होता. वैजू पायरीवर उभी राहिली होती, तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या.

तात्या खुर्चीत बसले. पंचा गळ्याभोवती. आनंदानं साबण लावला, ब्रश दोनदा गालावर गेला, फेस नाकात गेला. कुणी हसलं नाही. शकीलनं स्टोव्ह बंद केला. वस्तऱ्यात नवं ब्लेड बसवताना आनंदाच्या बोटांतून ते एकदा निसटलं. तात्यांचे डोळे उघडे, थेट त्याच्या हातावर. आणि चौकातल्या सगळ्यांचे पण. मी शैलाचा हात धरला होता, तो दुखेपर्यंत.

आनंदानं करंगळी तात्यांच्या गालावर टेकवली. श्वास सोडला. आणि वस्तरा उचलला.

डावी बाजू गेली. अर्धी मिशी पंच्यावर पडली.

मग काय झालं, ते मी ठरवलं नव्हतं, कुणीच ठरवलं नव्हतं. तात्यांच्या तोंडाची एक बाजू साफ, लहान बाळासारखी, आणि दुसऱ्या बाजूला ते तेल लावलेलं, वळवलेलं टोक. पहिल्यांदा मालन काकीला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण जमेना. मग शकील, मग जिनगोंडा, मग सगळा चौक. लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. कुणीही हाताकडं बघत नव्हतं. सगळी तात्यांच्या थोबाडाकडं बघत होती. तात्या म्हणाले, "काय झालंय एवढं?" आणि बोलताना ते एकच टोक वरखाली हललं. मग आनंदालाच आवरेना. वस्तरा लांब धरून तो हसला, पोटातून, डोळे पुसत. हसणं ओसरल्यावर त्यानं उजवी बाजू धरली आणि एका दमात साफ केली. हात तुळईसारखा.

टाळ्या पडल्या. वैजू मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती खाली बसून सांडलेल्या शेंगा गोळा करत होती आणि गोळा केलेल्या परत सांडत होती.

आनंदानं आरसा पुढं धरला. तात्यांनी स्वतःला बघितलं, ओठावरून बोट फिरवलं आणि मालन काकीकडं बघितलं. ती म्हणाली, लग्नात असंच होतं की तोंड. तात्या लाजले. पैज फिटली होती. आता ते उठतील म्हणून आनंदानं पंचा सोडायला हात घातला.

तात्या उठले नाहीत.

"दाढी वाढलीय," ते म्हणाले. "ती पण कर. गळ्याखालची पण. सगळी."

आनंदाचा हात पंच्यावरच थांबला. जिनगोंडा पुढं आले, दुकानाच्या पायरीवर वैजूच्या शेजारी बसले, चप्पल काढून ठेवली आणि म्हणाले की तात्यांच्या मागं माझा नंबर धर, आनंदा, मला घाई न्हाई.

आनंदानं जुनं ब्लेड काढलं, नवं लावलं. ह्या वेळी निसटलं नाही. ताजा फेस केला, तात्यांच्या गालांना, जबड्याला, गळ्याला लावला. तात्या त्याला काहीतरी सांगायला लागले, लग्नाच्या दिवशीचंच असावं, कारण त्यांनी मुलीचं नाव घेतलं.

"मान मागं घ्या, तात्या," आनंदा म्हणाला. "आणि आता बोलायचं न्हाई."

तात्यांनी मान मागं टाकली, डोळे मिटून घेतले, आणि गप्प बसले.